एकाच चमच्यानं

३ नोव्हेंबर १९८१
आले बाई एकदाची! कॉलेज रोडचा बंगला, मागे पेरूची झाडं, मला वेगळी खोली. दवाखान्याच्या पाळ्यांनी जीव नुसता विटला होता. इथे एकच पेशंट, नवसाबाई आजी, कमरेखाली लुळ्या. मुलगा जयरामभाऊ अदबीनं बोलतो. माझी लेक रमा घोटीला आईकडे आहे. बस्तान बसलं की तिला इथे आणणार, म्हणून तर ही नोकरी धरली.

७ नोव्हेंबर
कूस बदलायची, पाठीला स्पिरिट चोळून पावडर लावायची. आजी गोड आहेत, पण जेवणाच्या नावानं बोंब. म्हणतात, एक घास तू खा, मग एक मी. तेही एकाच चमच्यानं. पेशंटचा चमचा तोंडाला लावू नये, हे नर्सला पहिल्या वर्षीच शिकवतात. पण उपाशी म्हातारीपुढे ते शिक्षण काय चाटायचंय? ताट साफ झालं. जयरामभाऊंनी मान खाली घातली.

१५ नोव्हेंबर
आजींनी पायाची बोटं हलवली! डॉक्टर थक्क. मला मात्र दोन पायऱ्या चढवत नाहीत. शेजारच्या लंकाबाई कुंपणापाशी म्हणाल्या, तुझ्या आधीची नर्स तानुबाई, पेठकडची, धडधाकट. चालत आली, चौघांनी उचलून नेली. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

२१ नोव्हेंबर
आजी भिंत धरून उभ्या राहिल्या. माझ्या माकडहाडाशी जखम झालीय. अंथरुणाला खिळलेल्यांना होते तसली. मी तर दिवसभर उभी असते. आज घास नको म्हटलं. आजी रडल्या. जयरामभाऊंनी दाराला कडी घातली. खाल्ला.

२४ नोव्हेंबर
फाटकापर्यंत जायचं, रिक्षा, मग घोटीची एसटी. एवढंच. पाय उचलत नाहीत. कमरेखाली काही कळतच — जयरामभाऊ माझ्या पाया पडला. म्हणाला, आई आहे हो ती माझी.

२६
आजी चालत आल्या. माझी कूस बदलली. पाठीला पावडर चोळली. मऊ हात. घोटीला निरोप गेलाय म्हणे, रमाला आणायला. का? कशाला —
आजी कानाशी वाकल्या. "लेक आली की तिच्याबरोबर जेव गं. एकाच चमच्यानं. बरी होशील."

२७?
नाही जेवणार. मेले तरी —

फाटक वाजलं. रमा हाक मारतेय. ताट आणलंय, चमचा एकच — रमा, जा, परत जा बाळ — पण भूक लागलीय गं, फार — एकच घास, रमा, एक