परत आणलेले तांदूळ

अम्मा, तुझा चिमटा आठवला आज. दंडाला काढलेला. मी सात-आठ वर्षांची, चुलीपाशी तुला चिकटून बसलेली. शेजारची चाची डबाभर तांदूळ घेऊन दारात उभी, म्हणते, "घे गं, मागं नेलेले, परत आणलेत." आणि मी मध्येच तोंड उघडलं, "आपण कधी दिले होते?" तू असा चिमटा काढलास की डोळ्यांत पाणी. चाचीला मात्र म्हणालीस, "एवढी घाई काय होती?" अब्बा गेल्यावर आपल्या घरात उसनं द्यायला होतं काय? मीठसुद्धा पुरत नव्हतं. ती गेल्यावर म्हणालीस, "अक्कल नसली तर तोंड तरी बंद ठेवावं."

इथं अमेरिकेत तोंड बंद ठेवून कुणी काही देत नाही. मशिदीत पाण्याच्या कूलरवर देणाऱ्याचं नाव, चपलांच्या कपाटावर नाव. पाणी प्यायला वाकलं की कुणाच्या तरी बापाचं नाव वाचायचं. मी तिथं स्वयंपाकाला जाते, मला सगळं दिसतं. जकात, गरिबाच्या हक्काचा वाटा, काढायची तर मुकाट काढावी की नाही? ह्यांना त्याचा जलसा लागतो. शेरवान्या, बिर्याणी, आणि माइकवर एकजण बैलबाजारातल्या दलालासारखा ओरडतोय, "अजून कोण? हात वर करा!"

गेल्या शनिवारी असाच जलसा होता. कमिटीचे मोठे डॉक्टर, आपल्या पुण्याकडचेच, किचनमध्ये आले. "खाला, ती नवीन मुलगी आहे ना, जिचा हजबंड एक्स्पायर झाला, तिला स्टेजवर पाठवा. दोन मिनिटं बोलू दे. मुलं कडेवर असू देत. त्याशिवाय लोक पैसे प्लेज करत नाहीत."

ती पोर माझ्या शेजारीच कांदा चिरत होती. तिच्या नावानं जलसा, आणि ह्या माणसाला तिचं तोंड माहीत नाही! तिची सुरी थांबली.

मी म्हटलं, "ती नाही येणार."

"खाला, तिच्या रेंटचा प्रश्न आहे."

"मग भरा की. आणि रडायलाच कुणी हवं असेल तर तुमच्या बायकोला चढवा स्टेजवर."

डॉक्टर तसेच मागं फिरले. पोरीनं मान खाली घातलेली, मला वाटलं रडतेय. हसत होती गधडी.

भाडं अजून भरलेलं नाही. माझ्या तोंडापायी कमिटी फुगून बसलीय. उद्या परत भांडायला जाणार आहे, सोडणार नाही त्यांना. पण चूल काय त्यांचा रुसवा जाईपर्यंत थांबते? काल तांदळाची पिशवी घेऊन तिच्या अपार्टमेंटवर गेले. दार उघडल्या उघडल्या म्हटलं, "घे, तुझ्याकडनं नेलेले, परत आणलेत."

"खाला, तुम्ही कधी..." म्हणाली आणि थांबली. मला वाटलं, आता हिलाही चिमटा काढावा लागतोय. पण तिनं पिशवी घेतली, माझ्याकडे नीट बघितलं, अन् म्हणते कशी, "खाला, साखर पण नेली होती तुम्ही."

मी जिन्यात एकटीच हसत उतरले.

चौथीपर्यंतच शाळेत घातलंस, तेव्हा अक्षर असलंच येणार. आणि हे पत्र टाकायचं तरी कुठल्या पेटीत? तुला तर वाचताही येत नव्हतं, म्हणून सांगून टाकते. ते तांदूळ मशिदीच्या कोठीतले होते. विचारलं नाही कुणाला. साखरही तिथलीच नेणार आहे.