भाड्यावर फिरलेली करडी गाडी

सोमवार, ७ ऑक्टोबर

गाडी गेली. तपासणीवाल्याने खालून टॉर्च मारला आणि वर न बघताच म्हणाला, "ओड्नी, खालचा सांगाडा गंजून चाळण झालाय. मी पास करू शकत नाही." गेली नऊ वर्षं माझा नवरा केतिल ती दर वेळी पास करून आणायचा. कशी, ते मी कधी विचारलं नाही.

दोन बंदरांचा काटा माझ्याकडे आहे. दाल्विकचा घरापासून चालत, हाउगानेसचा पंधरा किलोमीटरवर. बोटी माझ्या सोयीने येत नाहीत. आल्या की अर्ध्या तासात मासे काट्यावर, आणि वजनावर माझी सही. बर्फ पडायच्या आत गाडी हवी.

केतिलला जाऊन सात महिने झाले. अंगणातला बर्फ उपसत होता. फावडं नीट भिंतीला टेकवून ठेवलं होतं.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

रेक्याविकहून मुलीचा फोन. "आई, इकडेच ये राहायला. गाडीच लागणार नाही तुला." मी म्हटलं, काटा सोडून तिकडे करू काय? सुन्नेवा म्हणाली, "आराम कर. एकतीस वर्षं झाली मासे मोजतेयस."

मासे मोजत नाही, तोलते. पण हे तिला पुन्हा सांगितलं नाही. फोन ठेवून भांडी घासली. घासलेलीच परत घासली.

गुरुवार, १० ऑक्टोबर

बसने अकुरेरीला जाऊन आले. इंग्वारकडे जुन्या गाड्यांची रांगच उभी आहे. माझ्या ऐपतीत, चारही चाकं ओढणारी आणि गंज न लागलेली अशी एकच – एक करडी लहान जीप. मीटरवर अठ्ठ्याहत्तर हजार. तीन वर्षं पर्यटकांना भाड्याने दिलेली. आणि कंपनी तीच, जिच्या गॅरेजात केतिलने अकरा वर्षं काढली.

तो असता तर मला बाहेर ओढत आणलं असतं. "भाड्याची गाडी म्हणजे हॉटेलातला टॉवेल. सगळे वापरतात, वाळत कोणी घालत नाही." हे तो रोज त्याच गाड्या दुरुस्त करून आल्यावर म्हणायचा.

इंग्वार म्हणाला, "केतिलच्या हाताखालून गेलेली आहे. आणखी काय हवं तुला?" विकण्यासाठीच म्हणाला. तरी बरं वाटलं.

मग स्वस्त का, ते त्यानेच सांगितलं. वसंतापासून पडून आहे. जुलैत बातमी आली आणि गिऱ्हाईक फिरकेनासं झालं. बातमी मला माहीत आहे. कंपनी गाड्या विकायच्या आधी मीटर मागे फिरवते असा आरोप आहे, चौकशी चालू आहे. गॅरेजात माणसं दोनच होती. केतिल, आणि पोलंडचा विएस्वाव, जो आमच्याच गावात राहतो आणि रोज केतिलबरोबर कामाला जायचा.

जुलैपासून मला कोणीही काही विचारलेलं नाही. तेच जड जातं.

शनिवार, १२ ऑक्टोबर

सकाळी सातला पोहण्याच्या तलावावर गेले. पोहून झाल्यावर नेहमीसारखी गरम पाण्याच्या कुंडाकडे. त्या कुंडात गावाचा सगळा कारभार चालतो – निवडणुका, घटस्फोट, कोणाच्या बोटीला किती मासळी. मी पायरीवर पाय ठेवला आणि बोलणं थांबलं. थोरग्रीमुर बोटीवर इंजिनवाला होता, आता निवृत्त. तो आभाळाकडे बघून म्हणाला, "वारा उत्तरेकडे वळलाय." हवेच्या गप्पा आमच्याकडे परक्यांशी मारतात.

म्हणून मीच गाडीचा विषय काढला. थोरग्रीमुर खूश झाला. "भाड्याची? अगं, तिला अमेरिकनांनी नदीत पोहायला नेली असेल."

बेकरीवाली बेर्गल्योट म्हणाली, "मग बरंच आहे की. निदान तुझ्यापेक्षा जास्त वेळा आंघोळ झाली असेल तिची."

सगळे हसले. मीही. मग त्याने विचारलं, "मीटरवर किती?"

"अठ्ठ्याहत्तर हजार."

कोणी हसलं नाही. थोरग्रीमुर पाण्यात बघत म्हणाला, "अठ्ठ्याहत्तर. बरं."

ते "बरं" माझ्याबरोबर घरी आलं.

रविवार, १३ ऑक्टोबर

केतिलने असलं काही केलं नसेल. – हे मला लिहावं लागतंय, म्हणजे शंका आहे.

बुधवार, १६ ऑक्टोबर

मेंढ्या कापून झाल्या की आमच्याकडे घरोघरी रक्ताची आणि काळजाची सॉसेजं करतात, मेंढीच्या पोटाच्या पिशवीत भरून शिवलेली. या वर्षी पहिल्यांदाच एकटीने केली. शिवायला सुई धरली तेव्हा समोर दुसरी सुई नव्हती. तो माझ्यापेक्षा बारीक शिवायचा.

ठेवायला जागा करावी म्हणून फ्रीझर उपसला. तळाशी गेल्या वर्षीचं एक पाकीट निघालं. त्यावर त्याच्या पांढऱ्या रंगाच्या पेनने – "१.२ किलो. १९ ऑक्टोबर. काळजाचं. मीठ कमी (ओड्नीचा हात)."

सगळ्यावर लिहायचा. मुरंब्याच्या बाटल्या, रंगाचे डबे, बर्फाचे टायर. सातच्या मधोमध आडवी रेघ, कोणी तो 'एक' असा वाचू नये म्हणून. माझ्यासारखं त्याने काट्याचं काम केलं नाही. पण आकड्याची चाड मला जेवढी आहे, तेवढीच त्यालाही होती.

पाकीट परत ठेवलं. खाणार नाही.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

आज गाडी नीट बघितली. इंग्वार कॉफीचा कप घेऊन मागे मागे.

आधी दारं. पर्यटकांना वाऱ्याकडे तोंड करून गाडी उभी करायची हे माहीत नसतं. दार उघडतात आणि वारा ते पुढे उलटवतो. चालकाच्या दाराच्या फटीतून बोट फिरवलं – खाली जास्त, वर कमी. बिजागर बदललेलं होतं. "हे सांगितलं नाहीस," मी म्हटलं. तो म्हणाला, "विचारलं नाहीस." मग पायाखालचे गालिचे उचलले. काळी वाळू निघाली, पण पाण्याचा डाग नाही. सीटच्या पट्ट्या शेवटपर्यंत ओढून बघितल्या. नदीत उतरलेल्या गाडीच्या पट्ट्यांना आत चिखलाची रेघ राहते. इथे नव्हती.

"तू तर केतिलपेक्षा वाईट आहेस," इंग्वार म्हणाला.

"त्याच्याकडूनच शिकले," मी म्हटलं. खरं तर शिकले नव्हते. अकरा वर्षं जेवताना ऐकत होते.

मग बॉनेट उघडलं. इंजिनाच्या कडेला टायमिंग बेल्टचं काळं झाकण असतं; तो पट्टा ठरावीक किलोमीटर झाले की बदलावा लागतो. त्यावर तेलाची धूळ होती. बोटाने पुसली. खाली पांढऱ्या पेनने लिहिलेलं –

117 400. ११ फेब्रु. के.

सातवर आडवी रेघ.

मी दोनदा वाचलं. काट्यावर असताना आकडा दोनदा वाचायची सवय आहे. फेब्रुवारीत एक लाख सतरा हजार चारशे, आणि आज मीटरवर अठ्ठ्याहत्तर हजार. इंग्वारही वाकून बघत होता. त्याचा कप तिरका झाला आणि कॉफी बुटावर सांडली, तरी त्याला कळलं नाही. "मला माहीत नव्हतं, ओड्नी. मीटरची काच सांगते तेच मी वाचलं."

त्याच्यावर विश्वास बसला. पण त्या क्षणी मला त्याचं काही पडलं नव्हतं.

जुलैपासून छातीवर जे बसलं होतं ते उठून गेलं. ज्याला लपवायचं असतं तो लिहून ठेवत नाही. मालकांनी मीटरवर काय करायचं ते केलं असेल. माझ्या नवऱ्याने जिथे त्याचा हात पोचत होता तिथे खरा आकडा लिहिला आणि खाली नावाचं अक्षर घातलं. मीही हेच करते, रोज, माशांच्या प्रत्येक टबाला.

इंग्वारने न मागता किंमत बरीच उतरवली. मी म्हटलं, घेते. पण कागदावर आकडा झाकणावरचा जाईल. तो म्हणाला, "तसं केलंस तर उद्या तुझ्याकडून कोणी घेणार नाही."

"मला विकायचीच नाही."

शनिवार, १९ ऑक्टोबर

आज कुंडात मी आधी बोलले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. पाय पाण्यात घालायच्या आतच सुरुवात केली, मधे कोणी हवेचा विषय काढू नये म्हणून. झाकण, धूळ, आकडा, तारीख, अक्षर – सगळं सांगितलं. आवाज जरा वर गेला असावा. लहान मुलांच्या तलावातले दोघं वळून बघायला लागले.

थोरग्रीमुरने डोक्यावरून पाणी घेतलं. "केतिल होताच तसा. एक नट ढिला सोडायचा नाही. मी म्हणतच होतो."

"तू काय म्हणत होतास ते राहू दे," बेर्गल्योट म्हणाली, आणि तिने ओला हात माझ्या खांद्यावर ठेवला. तिचे डोळे भरले होते. तिची लाज मला दिसली आणि ती मला आवडली. हे लिहायला बरं वाटत नाही, पण आवडली.

थोड्या वेळाने थोरग्रीमुर म्हणाला, "मग फिरवलं कोणी? होते तर दोघंच."

"तो पोलंडचा," बेर्गल्योट म्हणाली. "बायको येते माझ्याकडे पाव न्यायला. किती गोड बोलते, आणि घरी हे."

मी काही बोलले नाही. मला माहीतच काय होतं? बाहेर आले तर हवा गार होती, आणि मी पाठ ताठ ठेवून कपडे बदलायच्या खोलीपर्यंत चालत गेले. टॉवेलही गुंडाळला नाही.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

गाडी आणली. पहिल्याच दिवशी हाउगानेसला कॉड माशांनी भरलेली बोट. कप्तान धक्क्यावरून ओरडला, "नवी घेतलीस?"

"नाही. लाखाच्या वर चाललेली आहे."

लोक मुलगा डॉक्टर झाला म्हणून सांगतात, तसं सांगितलं मी.

येताना खोऱ्यातल्या चर्चपाशी थांबले. गाडी वाऱ्याकडे तोंड करून उभी केली. केतिलच्या थडग्यावर अजून दगड बसवलेला नाही, लाकडाचा क्रूसच आहे. मी तिथे बोलत नाही, मला जमत नाही. परत गाडीपाशी आले आणि बॉनेट उघडून ठेवलं, थोडा वेळ, थडग्याच्या दिशेला. वेडेपणा. कोणी बघितलं नाही.

सुन्नेवाला झाकणाचा फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं – "बाबांचा सात." पुढे काही नाही. मग तासाभराने – "आई, राहा तिकडेच."

गुरुवार, २४ ऑक्टोबर

बेकरीत गेले होते. विएस्वावची बायको शनिवारपासून आलेली नाही म्हणे. "लाज वाटत असेल," बेर्गल्योट म्हणाली आणि मला एक गोड पेस्ट्री जास्त दिली. घेतली.

रविवार, २७ ऑक्टोबर

दुपारी विएस्वाव आला. बूट काढून दारातच उभा राहिला, मोज्यांवर. बसला नाही.

म्हणाला, "मीटर मागे न्यायचं यंत्र केतिलकडेच असायचं, ओड्नी. मालकाने त्यालाच शिकवलं. यंत्र लावायच्या आधी तो खरा आकडा झाकणावर लिहायचा. बेल्ट वेळेवर बदलला जावा, रस्त्यात कोणी मरू नये म्हणून. मला हात लावू दिला नाही. 'तू परका आहेस, पहिला तुलाच धरतील' म्हणाला. मी कधी बोललो नसतो. पण शाळेत माझ्या मुलीच्या बाकावर आता कोणी बसत नाही."

मी विचारलं, किती गाड्या? म्हणाला, "मोजल्या नाहीत."

गाडी ठेवतेय. उद्या सकाळी सातला कुंडात सगळे असतील. मी जाणार. उद्याही आधी मीच बोलणार.