नवव्या दिवशी काढलेले टेकू

२४ फेब्रुवारी
चि. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद. रीत म्हणून लिहिलाय, मनातून आलेला नाही.

आईच्या नव्या खोलीचा स्लॅब मधोमध अंगठाभर खाली आलाय. निम्मं सिमेंट काढून वीजकेंद्रातली राख घालायची, म्हणजे सिमेंटच्या भट्ट्यांचा धूर कमी आणि पृथ्वी वाचते, हे तुझ्या प्रयोगशाळेत शोभतं. तुझ्या शब्दावर मी ते माझ्या घरात ओतलं आणि आता माझेच गवंडी माझ्या तोंडावर हसतात. आई बैठकीच्या खोलीत पडद्यामागे झोपते. सोमवारी स्लॅब फोडतोय. तुझ्या साहेबांच्या नावे तक्रारही लिहून ठेवली आहे.

अजून तरी तुझा,
दादा

२८ फेब्रुवारी
ती. दादास,
शि. सा. न.

चोराच्या उलट्या बोंबा! हे काँक्रीट उशिरा घट्ट होतं, पण एकदा झालं की नेहमीच्याला हार जात नाही. म्हणूनच टेकू एकवीस दिवस हलवू नकोस, असं मी लाल शाईने लिहिलं होतं. तुझं बारा तारखेचं पत्र समोर आहे. टेकू नवव्या दिवशी काढून दुसऱ्या कामावर नेले, असं ऐटीत लिहिलंयस. नाचता येईना अंगण वाकडं!

टेकू परत लाव. ओतल्यापासून छप्पन दिवस होऊ देत, मग ते काढून वर वाळूची पन्नास पोती दिवसभर ठेवून बघ. त्याआधी फोडलंस तर आईची खोली तू मोडलीस, राखेने नाही. तक्रार खुशाल टाक; तुझं पत्र मीही जोडीन.

लोभ उरला असेल तर असू दे.
धाकटी

५ मार्च
चि. धाकटीस,
आशीर्वाद.

उंटावरून शेळ्या हाकू नकोस. माझे केस उन्हात पांढरे झालेले नाहीत. टेकू लावलेत, पण तुझ्यासाठी नाही. फोडायला आलेल्या माणसाला आईने दारातूनच परत पाठवलं. पन्नास कशाला, ऐंशी पोती ठेवीन, सगळ्या गवंड्यांसमोर. स्लॅब आणखी बसला की तक्रार त्याच दिवशी टपालात.

दादा

२ एप्रिल
चि. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद.

ऐंशी पोती चढवली. स्लॅब जेमतेम नखाच्या जाडीएवढा लवला आणि पोती उतरवल्यावर तेवढाच वर आला. नवी चीर एक नाही. मी सहा वेळा मोजलं, कारण मला ते पटत नव्हतं. गवंडी आता हसत नाहीत, टेकूला हात लावण्याआधी मला दिवस मोजून दाखवतात; ते जास्त लागतं. तुझं लाल शाईचं पत्र मी वाचलंच नव्हतं. तीस वर्षं नवव्या दिवशी टेकू काढतोय, वाचतंय कोण! तक्रार फाडली. माफी मागणार नाही.

आधीचा बाक मात्र तसाच आहे. प्लास्टरने झाकतो म्हटलं, तर आई नको म्हणाली. आता खाटेवर पडल्या पडल्या ती वर बोट दाखवते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते की ही माझ्या थोरल्याची घाई.

वरच्या मजल्याला टेकू किती दिवस ठेवू, ते एका ओळीत कळव. उपदेश नको.

तुझा,
दादा