डावीकडची हातभर वायर

३ मार्च
डॅशबोर्डखालून धूर! भर पाण्यात, इंजिन चालू असताना. बॅटरीची वायर उपटली म्हणून वाचलो. वल्हं घेतलं तर हातातून निसटलं — उजव्या हाताची बोटं पुन्हा बधिर. "पाठीत उसण भरली," म्हणालो. धक्क्यापर्यंत चिरंजीवांनी वल्हवत आणलं.

घरी येऊन त्यांचा हुकूम — "सगळं वायरिंग बदलल्याशिवाय ही बोट पाण्यात जायची नाही, बाबा. नाहीतर विकून टाकू."

"ही बोट" म्हणे! माझी म्हातारी आहे ती!

बोटांचं कुणाला बोललेलो नाही. चिरंजीवांना कळलं तर चावी काढून घेतील आणि मला खिडकीत बसवतील. झाकली मूठ सव्वा लाखाची.

४ मार्च
वायरिंग म्हणे सूनबाई करणार. लिफ्ट दुरुस्त करते म्हणून काय झालं? लिफ्ट वर जाते, खाली येते. बोटीचं तसं आहे का? बोलून दाखवलं. "लिफ्ट अडकली तर आतली माणसं मला शिव्या देतात, बाबा. इथे फक्त तुम्ही द्याल." आमची ही खो खो हसली. या घरात माझ्या बाजूचं कुणी नाही.

६ मार्च
जुनं वायरिंग तिने सबंध बाहेर काढलं. झाड मुळासकट उपटावं तसं, एकही फांदी न तोडता! एक वायर सोलून दाखवली — आतलं तांबं हिरवं, चिमटीत धरलं तर भुगा. मधेमधे चिकटपट्टी गुंडाळलेले जोड. "हे कुणाचे प्रताप?" मी आभाळाकडे पाहिलं. "कुणाचे का असेनात, मन लावून केलेत," म्हणाली. बरी आहे पोरगी.

९ मार्च
हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नाही. प्लायवूडवर जुनं वायरिंग पसरलं, त्याच्या कडेकडेने खिळे ठोकले, मग जुनं उचललं आणि त्याच खिळ्यांमधून नव्या वायरी ओढल्या. आतली तार कल्हई केलेली, दमट हवेत सडत नाही. पन्नासेक वायरी असतील, पण एकीच्या अंगावर दुसरी नाही. दर चार बोटांवर मेणाच्या दोऱ्याची गाठ, आणि कुठलीही गाठ बघा, तीच चिकणी. मी बघतच बसलो. जेवण गार झालं. ही म्हणाली, "माझ्या विणकामाकडे जन्मात असं पाहिलं नाहीत." खरं आहे.

मला काम मिळालं — टॉर्च धरायचं. "डाव्या हातात धरा बाबा, सावली पडत नाही."

पण एक खोट सापडली! डावीकडच्या फांदीला हातभर वायर जास्त. "अगं, माप चुकलं." "राहू दे बाबा, लागेल." उधळी कुठली! तरी खोट सापडली म्हणून जिवाला बरं वाटलं.

१२ मार्च
बोटीत बसून जोडणी. वायरीच्या टोकाला पितळी लग — स्क्रूखाली बसणारी छोटी कडी — दाबते, वरून नळी चढवते, गरम केली की ती आवळून बसते. मग प्रत्येक जोड ओढून बघते, चांगला पाय रोवून! "माझ्या कामावर माणसं लोंबकळतात, बाबा. सवय आहे."

मलाही एक लग दाबायला दिली. बोटांतून सुटली, गेली इंजिनखाली. तिने दुसरी काढली, स्वतः दाबली, गप्पा तशाच चालू. म्हातारा धांदरट आहे असं वाटलं असेल. वाटू दे.

इतकं सुबक काम मी उभ्या जन्मात केलं नाही. इथे लिहितो. तोंडाने सांगायचो नाही.

१३ मार्च
परवा इंजिन चालू करून बघायचं. चिरंजीव धक्क्यावर उभे राहून बघणार. चावी फिरवायला जोर लागतो — बोटांनी दगा दिला तर संपलंच सगळं.

१५ मार्च
डॅशबोर्ड पाहिला आणि डोकंच फिरलं. चावी, पंखा, पंप, दिवे — सगळं डावीकडे! "अगं, उलटं केलंस की!"

ती कानाशी आली. "मुद्दाम केलंय, बाबा. ती हातभर वायर त्यासाठीच होती. बसा आता."

म्हणजे बोटांचं तिला ठाऊक! "त्याला सांगितलंस?"

"शप्पथ, एक अक्षर नाही."

आधी पंखा लावला, इंजिनाच्या खणातली पेट्रोलची वाफ जायला. मग डाव्या हाताने चावी. पहिल्याच फटक्यात चालू! म्हातारी काय गुरगुरली! डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू. लांबवर नेली, वळवली, धक्क्याला अलगद आणून लावली. चिरंजीव दोरी धरून नुसते उभे. सूनबाईला सगळ्यांसमोर म्हणालो, "असं काम मला कधी जमलं नसतं गं." ती लाजली. लिफ्टवाली लाजते, हे आज कळलं.

१६ मार्च
रात्रभर मन खात होतं. सकाळी चिरंजीवांपुढे उजवा हात ठेवला, बोटांचं सगळं सांगितलं. म्हणालो, सूनबाईला बोलू नकोस, माझ्यासाठी लपवलं तिनं.

"तिनं कुठलं लपवलं? वल्हं सुटलं त्याच दिवशी मी तिला म्हटलं, सगळं डावीकडे घे."

उद्या डॉक्टरांकडे जायचं आहे. दवाखाना पलीकडच्या काठाला. "बोट तुम्हीच चालवा," पोरगा म्हणाला. "मी शेजारी बसतो."