रंगाचे तीन हात

१६ सप्टेंबर २००६, शनिवार

केदारच्या नावाचं खोकं आलं. 'मॅगझिन्स आहेत,' म्हणाला. सुवर्णाला वाटलं, चला, पोरगं काहीतरी वाचायला लागलं! उघडलं तर राखाडी पत्र्याच्या सहा चपट्या पेट्या – गोळ्या भरून रायफलीला खालून लावायच्या, त्यांनाही मॅगझिनच म्हणतात. रिकाम्या आहेत. पण रिकाम्या म्हणून काय झालं? 'पितृपंधरवड्यात घरात काय आणावं याला काही धरबंध आहे का,' असं म्हणून तिनं खोकं गराजमध्ये ठेवायला लावलं. वर, 'मी तिकडे पाऊल टाकणार नाही,' हेही सांगून झालं.

केदार सुट्टीवर आलाय. दोन ऑक्टोबरला परत जाणार – आधी फोर्ट हूडचा तळ, मग इराक. गेल्या वर्षी कॉलेज सोडून आर्मीत नाव घातलं, तेव्हापासून मी त्याच्याशी 'जेवलास का'च्या पुढे बोललेलो नाही. तोही 'हो'च्या पुढे जात नाही. बापावर गेलाय. घरात सुवर्णा एकटीच बोलते, ती तरी बिचारी किती बोलणार.

१७ सप्टेंबर

सकाळी गराजमध्ये डोकावलो तर हा स्प्रेचा डबा हलवतोय. पुठ्ठ्यावर पेट्या मांडलेल्या – न धुता, न घासता, तशाच! उन्हात पत्रा चमकतो म्हणून वाळूचा रंग मारायचाय म्हणे. मला राहवेना.

'अरे थांब. तेलकट पत्र्यावर रंग बसतो का कधी?'

वर्षभरात त्याच्याशी बोललेलं हे माझं सगळ्यात लांब वाक्य. चिंचवडच्या कारखान्यात पेंट शॉपमध्ये उमेदीची वर्षं काढली मी. मग जगाबरोबर कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि इथे टेक्ससमध्ये, प्लेनोत येऊन पडलो. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यात दिवस जातो. हाताला कसला म्हणून वास येत नाही.

केदार डबा खाली ठेवून म्हणाला, 'ओके बाबा. देन यू शो मी.'

१८ सप्टेंबर, सोमवार

हायवे तुंबलेला. घरी येईतो अर्धा जीव गेला. तरी गराजमध्ये गेलो.

पेट्या खोलायला केदारनं शिकवलं. तळाची पट्टी सरकवली की आतली स्प्रिंग उसळते. माझी उसळली ती थेट फ्रीजरच्या मागे. गरम पाणी, भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश. मध्येच त्याला सार्जंटचा फोन आला. ड्राइव्हवेवर जाऊन बराच वेळ 'येस, सार्जंट' चाललं होतं. परत आला आणि नुसताच उभा राहिला.

'काय म्हणाला?'

'काही नाही. सो… नेक्स्ट काय, बाबा?'

'घासायचं.'

बसला मांडी घालून.

२१ सप्टेंबर

घासतोय. आमचा फोरमन म्हणायचा – रंग चार आणे, तयारी बारा आणे. केदारला सांगितलं. 'आणे म्हणजे?' इथपासून सुरुवात! समजल्यावर हसला. 'आर्मी पण सेम आहे, बाबा. ऑल प्रेप.'

हसताना लहानपणी दिसायचा तसाच दिसतो.

२३ सप्टेंबर, शनिवार

घट बसले. सुवर्णानं गराजच्या दाराबाहेरूनच हाक मारून आरतीला बोलावलं.

दुपारी घासता घासता विचारलंच शेवटी. 'का गेलास रे?'

खाली बघून म्हणाला, 'तुम्ही रोज दमून यायचात, बाबा. सोफ्यावर बसून शूज पण काढायचा नाहीत. आय थॉट, मी पण असाच होणार.'

राग यायला हवा होता. आला नाही. हा मुलगा त्या सोफ्यासमोरच मोठा झाला, त्याला दिसणारच.

२४ सप्टेंबर

मास्किंग टेप. पेटीचा वरचा भाग रायफलीच्या आत जातो, तिथे रंगाचा थर चढला तर ती अडकते. तो भाग पूर्ण झाकायचा. तोंडात कागदाचे बोळे, आत एक कण जाता कामा नये. 'आणि अडकलीच तर?' असं विचारून बसलो.

'देन इट्स अ बॅड डे, बाबा.'

रात्रीचं जेवण गेलं नाही. मी शिकवलेल्या रंगानं ऐन वेळी याची पेटी अडकली तर? सगळ्या टेप सोडवून पुन्हा नव्यानं लावल्या.

२८ सप्टेंबर

हवा दमट. रंग नाही. दमलोय.

३० सप्टेंबर, शनिवार

कोरडं ऊन. अर्विंगच्या इंडियन ग्रोसरीतून आलेल्या जाहिरातींचे कागद अंथरले. दोन हात मारून झाले, अगदी पातळ. घाई करून एकच जाड हात मारला की ओघळ येतात. केदारचा हात चांगला आहे. तसं त्याला सांगितलं. त्याचे कान लाल झाले.

१ ऑक्टोबर, रविवार

खंडेनवमी. सकाळी तिसरा हात. रंग ओलाच होता आणि दारात सुवर्णा! हातात तबक – हळदकुंकू, झेंडूची फुलं. विळी, सुऱ्या, माझा लॅपटॉप, गाडी अशी पूजा करत करत ती इथवर आली होती. इतके दिवस गराजमध्ये न आलेली बाई.

'हत्यारांची पूजा आहे ना आज? मग ही कोण लागून गेली?'

मी 'अगं ओलंय' म्हणेपर्यंत पहिल्या पेटीवर हळदीचं बोट उमटलं होतं. खेकसलो तिच्यावर. पिवळा ठसा, त्यात बोटाच्या रेषासुद्धा. पुसायला गेलो असतो तर सगळाच रंग निघाला असता.

'ही पेटी वापरू नकोस,' केदारला बजावलं. 'आत हळद गेली असेल. ऐन वेळी दगा देईल.'

'ओके, बाबा.'

सुवर्णा म्हणाली, 'मला काय कळतंय ओलं नि सुकं. देवाचं बोट लावून ठेवलं, इतकंच.' आणि रडायला लागली. तो जाणार हे ठरल्यापासून पहिल्यांदाच. मलाही आवरेना. तोंडावर मास्क होता म्हणून निभावलं.

२ ऑक्टोबर, दसरा

गेला. इथे आपटा कुठला, म्हणून आम्ही रेडबडची पानं सोनं म्हणून देतो. पान हातात ठेवून पाया पडला. मित्राची गाडी आली, बॅग टाकली, गेला.

संध्याकाळी मंडळातल्या दिगंबरचा फोन. 'दसऱ्याचं सीमोल्लंघन केलं म्हणायचं पोरानं!' चांगल्या मनानं बोलला असेल. मी फोन ठेवून दिला.

गराजमधल्या कागदांवर रंगाच्या मध्ये सहा कोऱ्या जागा आहेत. टाकवत नाहीत.

१४ ऑक्टोबर

केदारचा फोन! आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. आधी पेट्यांचंच विचारलं.

'फर्स्ट क्लास, बाबा. एकदाही अडकली नाही.'

'हळदीची वापरत नाहीस ना?'

'नाही बाबा. प्रॉमिस.'

बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो. सोमवारी ऑफिसात सांगेन.

१९ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

आकाशकंदील शोधायला केदारचं कपाट उघडलं. बुटांच्या खोक्यात, जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळलेल्या पेट्या!

सुवर्णाला माहीत होतं. घरचं सामान आणायचं नाही, असं सार्जंटनं त्या सोमवारी फोनवरच सांगितलं होतं म्हणे. केदारनं जाताना तेवढं आईला सांगितलं.

'मग इतके दिवस माझ्याबरोबर घासत कशाला बसला?'

'अहो, तुम्ही बोलत होतात ना.'

खोक्यात पाचच आहेत. हळदीची घेऊन गेलाय.