अंगठ्याचा दोरा

आई, परवा आमच्या चर्चची मंडळी मुळशीत कोळवणकडे औषधं वाटायला गेली होती, त्यांच्यात मीही होते. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आजाऱ्याच्या खाटेपाशी उभं राहिलं की तुझ्यातल्या नर्सची धास्ती वाटतेच. बावधन मागे पडल्यावर पास्टरांनी गाडीतच बजावलं, "कुणाच्या देवधर्मावर एक अक्षर काढायचं नाही. लगेच धर्मांतराचा आळ येतो. दिवस कसे आहेत, ठाऊक आहे ना?" आम्ही शहाण्या मुलांसारख्या माना डोलावल्या.

शेवटचं घर भातखाचरांच्या कडेला होतं. तिथली आठ वर्षांची मुलगी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडली होती. पायाला प्लॅस्टर घालून दोन दिवसांपूर्वीच घरी आणलेली. बरी होतेय, असं सगळे म्हणत होते. पाहुणे येणार म्हणून तिच्या आईनं वेणी घालून तिला खाटेवर बसवलं होतं, पाय खाली सोडून. आणि दृष्ट लागू नये म्हणून आजीनं प्लॅस्टरबाहेरच्या अंगठ्याला काळा दोरा बांधला होता. पाय सुजून दोरा मांसात रुतला होता, अंगठा जांभळा पडला होता. मुलगी रडत नव्हती, नुसती ओठ चावत होती. मला ते आत शिरताच दिसलं, आई, आणि मी गप्प बसले. दोऱ्याबद्दल बोलणं म्हणजे त्यांच्या श्रद्धेबद्दल बोलणं, अशी मी स्वतःची समजूत घातली. दारात गावातले दोघं-तिघं येऊन उभे राहिले होते, एकानं चित्रण करायला मोबाइल आमच्यावर रोखलेला. आमच्या मंडळींचं गाणं सुरू झालं. मी टाळ्या वाजवतेय आणि अंगठा बघतेय.

तेव्हा तू आठवलीस. तुझ्या मिशनच्या दवाखान्यात आम्ही पोरी नाताळची गाणी म्हणायला आलो होतो आणि ऐन कडव्यात आम्हाला थांबवून तू एका म्हाताऱ्याचं बँडेज सैल केलंस. "गाणं कुठं पळून जात नाही," म्हणालीस. मैत्रिणींपुढे मला इतकी लाज वाटली, की दोन दिवस मी तुझ्याशी बोलले नव्हते.

गाण्यांनंतर प्रार्थना सुरू झाली, ती संपेचना. मुलगी कण्हली, तशी मी मध्येच बोलले, "तो दोरा आधी कापा. अंगठा जाईल तिचा."

आजी खाटेपुढे आडवी उभी राहिली. "दोरा तोडायला आलाय व्हय तुमी? तरीच म्हनलं, फुकाट औषध कोन देतंय!" मोबाइल पुढे सरकला. मी म्हटलं, "आजी, तुम्हीच कापा. लगेच दुसरा बांधा, मनगटाला, सैलसर. मी हातसुद्धा लावत नाही." पास्टरांनी डोळे वटारले. आजी हलेना. शेवटी मुलीची आईच ब्लेड घेऊन आली, सासूला म्हणाली, "आत्या, सरा बाजूला. बोट काळं पडलंय, दिसत न्हाई व्हय?"

दोरा तुटला तशी मुलगी किंचाळली. पाय उशीवर घेतला. बराच वेळ काहीच फरक दिसेना. मग नखाखाली हळूहळू लाली आली. तिला तसंच आमच्या गाडीत घालून डॉक्टरांकडे नेलं. अंगठा वाचेल, म्हणाले.

परतताना सगळे म्हणत होते, केवढं धाडस केलंत! मी ते हसून ऐकून घेतलं. तीन गाणी आणि अर्धी प्रार्थना होईपर्यंत मी त्या पोरीला तसंच ठेवलं, हे कुणाला सांगितलं नाही. श्रद्धेचा मान वगैरे सगळं खोटं, मी त्या मोबाइलला भ्याले. हे लिहून तुझ्या कबरीवर ठेवायचं ठरवलं होतं. ठेवणार नाही. कुणी उचलून वाचलं तर?