पहिल्या सेटपर्यंत

सोमवार, ७ ऑक्टोबर

फेजिरोची टाच वाईट आहे. डावी.

नुसतं बोट ठेवलं तर पोरगी टेबलावरून उडालीच. पोटरीतून टाचेत उतरणारी ती जाड शीर पार तटतटलेली, मधे गाठ. मी सरळ सांगितलं— नाव काढून घे, ही शीर तुटेल. हसायला लागली! "आँटी, आपल्या लागोसमध्ये टेनिसची एवढी स्पर्धा, फाटकावर माझा फोटो, आणि मी घरी बसू?" एकोणीस वर्षांची आहे, ऐकतेय कशाला! जाताना हळूच म्हणाली, "कुणाला बोलू नका हं."

बोलायचा प्रश्नच नाही. स्पर्धेची फिजिओ म्हणून घेतलं तेव्हाच तोंड बंद ठेवायची सही घेतलीय माझी. इथे खेळाडू शिंकला तरी बेटिंगच्या दुकानांत भाव खालीवर होतात.

बुटात टाचेखाली घालायला मऊ गाद्या हव्यात. आमच्या पेटीतल्या संपल्या. उयीला याबाच्या बाजारात पिटाळलं. नाहीतरी माझे बंधुराज दिवसभर तिथल्या बेटिंगच्या दुकानात टीव्हीपुढे तोंड वासून बसलेले असतात.

मंगळवार, ८

उयीने गाद्या आणल्या. "कुणासाठी गं ताई?" माझ्यासाठी, म्हटलं. माझ्या पायांकडे बघून फिस्सकन हसला. मी मागवलेलं माप लहान, आणि माझी पावलं ही एवढी!

दुपारी फेजिरोच्या सरावाला गेले तर हा स्टँडमध्ये बसलेला. तिच्या बुटांकडे बघत. मी तोंडातून एक शब्द काढला नव्हता.

बुधवार, ९

विकली! मेल्याने तिची टाच विकली!

मोईमोई खाता खाता उयी सांगून मोकळा झाला. कुणी 'चेअरमन' म्हणून बडं प्रस्थ आहे, त्याला. फेजिरो हरणार म्हणून त्याने पैसे लावलेत. सगळी दुनिया तिच्या जिंकण्यावर लावतेय, त्यामुळे हरण्यावर भाव तगडा.

"पण ताई, पहिला सेट पूर्ण झाला पाहिजे. त्याआधी तिने सामना सोडला तर बेट रद्द. सगळ्यांचे पैसे परत."

मग परत तर परत! कुणाचं काय बुडतंय?

"चेअरमनने चार बड्या दोस्तांनाही लावायला लावलंय. रद्द झालं तर त्याचं नाक कापलं जाणार. मग तो माझं काय काय कापेल!" बोलला हसत, पण ताटली बाजूला सारली. "तू फक्त पट्टी घट्ट बांध. पहिला सेट, बस्स."

मी हात उगारला होता. तसाच खाली घेतला. आई गेली तेव्हा हा माझ्या कंबरेएवढा होता.

उयी पाव आणायला बाहेर पडला आणि माझ्या फोनवर मेसेज. अनोळखी नंबर. 'मॅडम, चांगली फिजिओ खेळाडूला उभं ठेवते. आपली काळजी वाटते. — चेअरमन.' उयी आल्यावर दाखवला. वाचून आधी दाराला कडी घातली.

गुरुवार, १०

दाराशी तांदळाची गोणी. कुणी ठेवली, शेजारणीला ठाऊक नाही. ओफाडा तांदूळ, मला आवडतो तोच. त्यांना हेही माहीत! हात लावला नाही. समोर काळी गाडी उभी, काचा वर.

मेसेज: 'तांदूळ मिळाले ना? भावाला जपा.'

उयीला सांगितलं, बेनिनला मामाकडे निघून जा. "कुठे जाणार ताई? ते शोधून काढतील," म्हणाला. जेवला नाही. जनरेटरच्या आवाजानेसुद्धा दचकतो.

शुक्रवार, ११

आज सामना. काही होवो— तिला थांबवायचं. ठरलं.

शुक्रवार, संध्याकाळ

नाही थांबवलं.

पोरगी जिंकत होती! लंगडत, दात खाऊन, पण जिंकत. ५-४ झाले, बाजू बदलायला आली आणि पंचाला म्हणाली, फिजिओ बोलवा. मी धावले. मोजा उतरवला. गाठ सुजून आलेली, आणखी चार उड्या सहन करणार नाही हे मला कळत होतं. मला!

"थांबू का आँटी? तुम्ही म्हणाल तसं."

मी वर स्टँडकडे पाहिलं. उयी दोन आडदांड माणसांच्या मधे. एकाचा पंजा त्याच्या मानेवर. तो माझ्याकडेच बघत होता.

"एवढा सेट खेळ," मी म्हटलं. माझ्याच तोंडाने. पट्टी घट्ट बांधली.

खेळली. सेटचा शेवटचा गुण— उंच चेंडू, तिने उडी मारली, मारला, जिंकला! आणि खाली येताना आवाज आला. वाळकी काटकी मोडल्यासारखा. क्षणभर तिला वाटलं कुणी मागून रॅकेट मारली. वळून बघितलं तिने, मग पडली.

पहिला सेट पूर्ण झाला. दुसरा ती खेळलीच नाही. सामना गेला.

चेअरमनचा मेसेज नाही. काळी गाडीही नाही. उयी गळ्यात पडून रडला. "तू मला वाचवलंस ताई." वाचला पोरगा. एवढंच धरून बसलेय.

शनिवार, १२

इस्पितळात गेले. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात चालेल, हळूहळू पळेलही. टेनिसचं विचारल्यावर चष्मा पुसत बसले.

फेजिरो माझा हात सोडेना. "रडू नका आँटी. तुम्ही होतात म्हणून एक सेट तरी जिंकले." तिच्या आईने मला वाटीत अकारा दिले, गरम. खाल्ले मी! तोंड दाखवायला जागा नाही आणि मी अकारा खात बसले.

सोमवारी स्पर्धेच्या रेफरीकडे जायचं. माझं नाव सांगायचं. उयीचं नाही. त्याच्या जिवावर बेतलं होतं, पोर काय करणार!

रविवार, १३

गोणी अजून दाराशीच. आज मुंग्या लागल्या. उचला तुमचा तांदूळ, असं सुनावायचं म्हणून चेअरमनच्या नंबरवर पहिल्यांदाच फोन लावला. उयी अंघोळीला गेला होता.

फोन त्याच्या उशीखाली वाजला.